आधी चालवा, मग खोला: कब कॅडेटचा एक हिवाळा

सात वर्षांपूर्वी नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी एक जुना गार्डन ट्रॅक्टर गॅरेजात आणला आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्याचा शेवटचा नटसुद्धा सोडवला. पाना हातात आला की मला थांबता येत नाही, हा दोष जुना आहे. मार्चमध्ये त्या ट्रॅक्टरची शिल्लक म्हणजे केळ्यांची चार खोकी, बोल्टांनी भरलेले कॉफीचे तीन डबे आणि भिंतीला टेकवलेली एक चेसी. कुठला बोल्ट कुठला, कुठल्या बाजूला वायसर होता, काही आठवेना. एप्रिलात सगळं एका माणसाला शंभर डॉलरला देऊन टाकलं.

वडिलांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, "खोलायला हमाल पुरतो रे. बांधायला फिटर लागतो." ते सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात आयुष्यभर फिटर होते, तेव्हा ऐकून घेतलं.

पुढे लिहितोय ते दुसऱ्या ट्रॅक्टरबद्दल. तो पुरा झाला आणि आज चालतोय. त्यातून मी जो क्रम शिकलो तो मात्र कुठल्याही जुन्या मशीनला लागू पडेल: मशीन जसं मिळालं तसंच आधी सुरू करायचा प्रयत्न करायचा, त्याचं ऐकायचं, आणि मगच पाना लावायचा. रंग सगळ्यात शेवटी.

गडी कोण आहे

माझा ट्रॅक्टर म्हणजे इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा कब कॅडेट 102. हे मॉडेल 1965 ते 1967 या काळात निघालं. इंटरनॅशनल हार्वेस्टर म्हणजे शेतातले लाल फार्मॉल ट्रॅक्टर बनवणारी कंपनी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतली उपनगरं वाढत होती, एकेक एकराची घरं होत होती, आणि त्या लोकांसाठी कंपनीने केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात हा छोटा पिवळा-पांढरा ट्रॅक्टर काढला. मागचा गिअरबॉक्स मोठ्या भावाच्या, म्हणजे फार्मॉल कबच्या घराण्यातला. इंजिनपासून गिअरबॉक्सपर्यंत पट्टा नाही, सरळ लोखंडी शाफ्ट. 1981 मध्ये कंपनीने हा धंदा विकला. त्याआधीचे ट्रॅक्टर लोक जपून ठेवतात ते याच मजबूत बांधणीमुळे.

इंजिन कोलरचं, के-241. एक सिलिंडर, दहा हॉर्सपॉवर, हवेवर थंड होणारं, ओतीव लोखंडाचा ब्लॉक. ज्यांनी गावाकडे विहिरीवरचं ऑइल इंजिन पाहिलंय त्यांना याची ओळख करून द्यावी लागणार नाही. हे पेट्रोलवर आणि स्पार्कवर चालतं, हा मुख्य फरक.

आम्ही विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे शेतकरी म्हातारा झाला आणि मुलं शहरात गेली की शेतावरच्या सगळ्या सामानाचा लिलाव होतो. तिथे मला हा 225 डॉलरला मिळाला. हूड पोपडलेलं, सीट फाटलेली, पण सगळे भाग जागेवर. नवशिक्याने यापेक्षा दुसरं काही बघू नये: भाग सगळे आहेत का, चेसी कुठे तडकली किंवा वाकली नाही ना, आणि इंजिन हाताने फिरतंय का. गंज, रंग, टायर, सीट यांना घाबरायचं कारण नाही, ते पैशाने येतं. न मिळणारं ग्रिलचं ओतकाम शोधत बसण्यात मात्र वर्ष जातं. आणि कुणी "अर्धं काम झालंय, फक्त जोडायचंय" असं म्हणून खोक्यांत भरलेला ट्रॅक्टर विकत असेल, तर त्याला लांबून नमस्कार करा. मी त्या बाजूला उभा राहिलेला आहे, म्हणून सांगतो.

थंडी पडायच्या आधी

इथे जानेवारीत उणे वीसपर्यंत पारा उतरतो. ट्रॅक्टर धुण्याचं काम म्हणून ऑक्टोबरातच करून घ्या. साठ वर्षांचं तेल आणि माती यांचा मिळून डांबरासारखा थर झालेला असतो. आधी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, मग ग्रीस काढणारं द्रव मारा, मग पाणी. प्रेशर वॉशर असेल तर कार्ब्युरेटर, जनरेटर आणि पॉइंटच्या (स्पार्क पाडणाऱ्या स्विचच्या) डबीवर मारू नका.

गॅरेजात मी भिंतीवरचा विजेचा हीटर लावलाय. रॉकेलची शेगडी स्वस्त पडते, पण बंद गॅरेजात ती, शेजारी पेट्रोल, आणि वर हवेत कार्बन मोनॉक्साइड, हा खेळ मला नको. कार्बन मोनॉक्साइडची घंटी गॅरेजात लावलीच पाहिजे. आणि इंजिन सुरू करायचं तर दार उघडं किंवा ट्रॅक्टर बाहेर. "दोन मिनिटंच" हे शब्द इथे चालत नाहीत.

पाने इंची लागतात. वडिलांच्या वर्कशॉपात ज्याला तीन सुताचा बोल्ट म्हणत तोच इथला तीन-अष्टमांश इंच, आणि त्याला नऊ-सोळांशचा पाना. मिलिमीटरचा पाना "जवळजवळ बसतो" म्हणून लावला की डोकं गोल झालंच म्हणून समजा. टॉर्क पाना, फट मोजायचं फीलर गेज, फ्लायव्हीलचा पुलर आणि टेस्ट लॅम्प एवढं हवंच. ट्रॅक्टर उचलून धरायला जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा. छापील सर्व्हिस मॅन्युअल मिळवा. मोबाइलवर बघू म्हणाल तर तेलकट बोटांनी पान उलटत नाही.

सुरू करायचा प्रयत्न

पहिलं काम म्हणजे वरचं पत्र्याचं आवरण काढा आणि उंदरांचं घरटं बघा. असणारच. इंजिनच्या थंड करणाऱ्या पात्यांमध्ये (फिनमध्ये) गवत आणि चिंध्या ठासून बसलेल्या असतात. तसंच सुरू केलं तर हवा मिळत नाही आणि इंजिन तापून जातं. माझ्या आवरणाखालून अख्खा हातमोजा निघाला. हे साफ करताना मास्क लावा, उंदरांच्या लेंड्यांची धूळ वाईट.

मग प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडा आणि एक दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी फ्लायव्हील हाताने फिरवा. फिरलं तर उत्तम. जाम असेल तर हेड उतरवून अ‍ॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरचं तेल निम्मं निम्मं मिसळून पिस्टनवर ओता, आठवडाभर ठेवा, रोज फ्लायव्हील मागेपुढे हलवा. पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा असतो, त्यावर हातोडी मारायची नाही. मारायचीच वेळ आली तर मध्ये लाकडाचा ठोकळा आणि हलका हात. अ‍ॅसिटोन भुरकन पेट घेतं, हीटर बंद ठेवा.

जुनं तेल काढून नवं भरा. जुन्यात चमकणारा चुरा दिसला तर तो गाळून कागदावर ठेवा, पुढे उपयोगी पडतो. माझ्या तेलात अ‍ॅल्युमिनियमची चमक होती. मी ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

आता स्पार्क. या इंजिनाचे सीबी पॉइंट फ्लायव्हीलखाली नसून बाहेर एका डबीत असतात, आणि कॅमवरून येणारी एक बारीक कांडी त्यांना उघडते. राजदूत किंवा जुन्या बुलेटचे पॉइंट ज्याने घासलेत त्याला पाच मिनिटांचं काम. वर्षानुवर्षं उभं राहिल्याने पॉइंटवर पांढुरका थर चढतो आणि स्पार्क येत नाही. बारीक पॉलिश पेपर मध्ये धरून ओढा, मग स्वच्छ कागद ओढा. पूर्ण उघडल्यावर फट 20 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे अर्धा मिलिमीटर. निम्म्या "मेलेल्या" इंजिनांचा मृत्यू या थरामुळे झालेला असतो.

टाकीतलं पेट्रोल वापरू नका. ते व्हार्निश झालेलं असतं, वास घेतलात की कळेल. बाजूला एक छोटी बाटली टांगून तिथून नळी कार्ब्युरेटरला द्या. इथेनॉल नसलेलं पेट्रोल मिळालं तर तेच घ्या. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या नळ्या, जुनी पॅकिंगं खराब करतं. हल्ली भारतातही पंपावर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल आलंय, तेव्हा गावाकडे जुनी मशिनं सांभाळणाऱ्यांनाही हे लागू आहे.

माझा ट्रॅक्टर चौथ्या दिवशी सुरू झाला. निळा धूर, मग पांढरा, मग ठीक. आणि त्या ठीकमध्ये एक आवाज. टक्, टक्, टक्, वेग वाढवला की जोरात. मी व्हिडिओ कॉल लावून फोन इंजिनापाशी धरला. वडिलांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "रेस सोड. आता धर. परत सोड." तीन वेळा करायला लावलं. "रॉड वाजतोय. बंद कर, नाहीतर ब्लॉकला भोक पाडेल."

आठ हजार मैलांवरून. मी लगेच बंद केलं. रॉड म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा.

एवढ्यासाठीच आधी चालवायचं. न चालवता खोललं असतं तर मी रिंगा आणि व्हॉल्व्ह बघत बसलो असतो. आता कुठे पाहायचं ते ठाऊक होतं. चालवताना बाकीच्याही गोष्टी कळल्या: क्लच सोडताना खडखड होते, तिसरा गिअर कधी कधी निसटतो, स्टिअरिंगला पाव फेरा रिकामा आहे, बॅटरी चार्ज होत नाही. हे सगळं वहीत लिहिलं. त्या एका पानावर माझं डिसेंबर ते मार्चचं काम आलं.

खोलताना

आता खोला, पण एका वेळी एकच भाग. इंजिन खोललंय तर क्लचला हात लावायचा नाही. एक भाग खोलायचा, दुरुस्त करायचा, बांधून फडताळावर ठेवायचा, मग पुढचा. माझ्यासारख्या माणसाला हे पाळणं फार जड जातं. गॅरेजच्या भिंतीवर खडूने "एकच" असं लिहून ठेवलंय.

प्रत्येक बोल्ट काढायच्या आधी फोटो. बोल्ट काढला की झिपच्या पिशवीत, पिशवीवर मार्करने नाव. त्याहून चांगला उपाय म्हणजे बोल्ट काढून झाला की त्याच भोकात परत दोन आटे फिरवून ठेवायचा. पिशव्या हरवतात, भोक हरवत नाही. वायरिंगच्या टोकांना कागदी चिकटपट्टीची झेंडी लावा आणि दोन्ही टोकांना तोच आकडा लिहा.

गंजलेला बोल्ट निघत नसेल तर जोर लावू नका. आदल्या रात्री गंजावरचं तेल, सकाळी गॅस टॉर्चने नट तापवणं, थंड होऊ देणं, परत तेल, आणि मग पाना आधी घट्ट करायच्या दिशेला किंचित, मग उलट. पुढेमागे, पुढेमागे. घाई केली की बोल्ट तुटतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. मी मफलरचा एक बोल्ट असाच तोडला. ड्रिल करून, नव्याने आटे पाडून वाट लागली. एक सावधगिरी: ब्रेक क्लीनर मारलेली जागा तापवू नका. क्लोरीनवाल्या क्लीनरमधून तापवल्यावर विषारी वायू निघतो.

इंजिन

इंजिन उतरवताना मदतीला कुणीतरी घ्या, ते शंभर पौंडांच्या वर भरतं. नळी, वायरी, चोक आणि थ्रॉटलच्या तारा सोडवा, खालचे चार बोल्ट काढा, इंजिन पुढे सरकवा म्हणजे मागच्या तीन पिना क्लचमधून सुटतात, आणि उचला. माझ्या मुलीने एक बाजू धरली. तिचा मोबदला पिझ्झा.

या जातीच्या इंजिनात तेलाचा पंप नाही. कनेक्टिंग रॉडच्या तळाला एक छोटं पळीसारखं टोक असतं, ते प्रत्येक फेऱ्याला तेलात बुडतं आणि तेल उडवतं. रॉड अ‍ॅल्युमिनियमचा, आणि तो थेट क्रँकवर फिरतो, मध्ये बेरिंग नाही. तेलाची पातळी जरा खाली गेली, किंवा ट्रॅक्टर उतारावर बराच वेळ तिरका चालला, की पळी कोरडी आणि रॉड खाल्ला. माझा तसाच खाल्लेला होता. कागदावरच्या त्या चमकीचा उगम तिथे होता.

रॉड खाल्ला की क्रँकपिन मोजायचाच. के-241 चा नवा पिन दीड इंचाचा असतो. मायक्रोमीटरने दोन दिशांनी मोजा, गोलाई गेली असेल तर लेथवाल्याकडे ग्राइंड करून घ्यावा लागतो. दहा थाऊ ग्राइंड केला तर त्याला जुळणारा दहा थाऊ अंडरसाइझ रॉड बाजारात मिळतो. बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, सव्वातीन इंची. तोही मोजा, वर, मध्ये आणि खाली, कारण झीज वरच्या बाजूला जास्त असते. माझा बोअर दहा थाऊने वाढवून नवा पिस्टन आणि रिंगा घातल्या. मशीनशॉपला ब्लॉक देताना पिस्टन हातात आलेला असावा. "नंतर देतो" म्हणून नुसता ब्लॉक दिलात तर बोअर पिस्टनला न जुळता कॅटलॉगला जुळतो.

नंतरच्या काही के-241 मध्ये कंप कमी करायला आत बॅलन्स गिअर बसवलेले असतात. ते तुटून ब्लॉक फोडल्याचे किस्से इतके ऐकलेत की बरेच जण इंजिन बांधताना ते काढूनच टाकतात. माझ्यात ते नव्हते, प्रश्न मिटला.

बांधताना तीन गोष्टींत कंजूषपणा नको. रॉड आणि त्याच्या कॅपवरच्या खुणा एकमेकींसमोर यायला हव्यात, उलटं बसलं तर दहा मिनिटांत रॉड जातो. रॉडचे बोल्ट मॅन्युअलमधल्या आकड्यावर टॉर्क पान्यानेच, कारण तो आकडा इंच-पौंडात आहे आणि मनगटाला फूट-पौंडाची सवय असते. आणि हेडचे बोल्ट दिलेल्या क्रमाने, तीन टप्प्यांत. हेडखालचं पॅकिंग नवं. जुनं परत लावून वाचवलेले पैसे मी दोनदा खर्च केलेत.

व्हॉल्व्ह घासून झाले की टॅपेट सेटिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनावर. इनटेकला 8 ते 10 थाऊ, एक्झॉस्टला 17 ते 20. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह तापून लांबतो, म्हणून तिथे फट जास्त.

टायमिंगसाठी फ्लायव्हीलवर दोन खुणा असतात, टी आणि एस. टी म्हणजे पिस्टन पूर्ण वर, एस म्हणजे स्पार्कची जागा, 20 अंश आधी. बाजूच्या भोकातून एसची खूण मध्यावर आणा, पॉइंटना टेस्ट लॅम्प जोडा आणि दिवा नेमका ज्या क्षणी बदलतो तिथे पॉइंट घट्ट करा. याने फट 20 थाऊच्या आसपास आपोआप येते. नाही आली तर कांडी झिजली असेल.

कार्ब्युरेटर खोलून क्लीनरमध्ये बुडवला, जेटची भोकं तांब्याच्या बारीक तारेने साफ केली. स्टीलची तार नको, भोक मोठं होतं. मिश्रणाचा स्क्रू आत पूर्ण घट्ट पिळण्याची अनेकांना सवय असते, त्याने सुईचं टोक चेमटतं आणि मग इंजिन कधीच सुरळीत चालत नाही. हलका टेकेपर्यंत आत, मग साधारण दोन फेरे बाहेर. बाकीचं कान सांगतो.

क्लच, ज्याबद्दल कुणी सांगत नाही

इंजिनाबद्दल सगळे लिहितात. पण हे ट्रॅक्टर उभे राहतात ते जास्त करून क्लचपायी. इंजिनाच्या मागे तीन पिना, त्या फ्रिक्शन डिस्कच्या तीन भोकांत बसतात. डिस्कच्या दोन्ही बाजूंना प्लेटा, मागे जाड स्प्रिंग, क्लच सोडवणारं थ्रो-आउट बेरिंग, आणि टोकाला गुंडाळीच्या पोलादी पिनांनी गिअरबॉक्सला जोडलेला शाफ्ट. पिना झिजतात, भोकं अंड्यासारखी होतात, आणि मग ती खडखड. माझ्या शाफ्टचं पुढचं टोकही पातळ झालं होतं, आणि ते ज्या बुशात फिरतं तो बुश तर नावालाच उरला होता.

इथे जोडतोड करू नका. शाफ्ट, डिस्क, बेरिंग, बुश, सगळ्या पिना नव्या घाला. माझे दीडशे डॉलर गेले, पण परत तिथे बघावं लागलेलं नाही. पिन ठोकून काढायला बरोबर मापाचा पंच घ्या, लहान पंच पिनच्या गुंडाळीत घुसून तिला आणखी फुगवतो. मोठ्या स्प्रिंगशी मस्करी नाही. ती प्रेसमध्ये किंवा भक्कम क्लँपमध्ये दाबूनच पिन काढायची, तोंड समोर नको. जुन्या डिस्कच्या धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून हवेने उडवायची नाही, ओल्या चिंधीने पुसून चिंधी पिशवीत. बसवल्यावर लिव्हर आणि बेरिंगमध्ये 50 थाऊ मोकळीक ठेवा. मोकळीक नसेल तर पाय पेडलवर नसतानाही क्लच अर्धा दाबलेलाच राहतो आणि नवी डिस्क उन्हाळाभरात जळते.

गिअरबॉक्स मी उघडला नाही. तिसरा गिअर निसटत होता तो लिव्हरच्या टोकाच्या झिजेमुळे; ते वेल्डिंगने भरून कानशीने घासलं. तेल बदललं, कंपनीचं हाय-ट्रॅन, लेव्हलच्या प्लगपर्यंत. दोन सील. बस्स.

स्टिअरिंगच्या बॉक्सला बाजूला एक बोल्ट आणि लॉकनट आहे, त्याने बरीचशी ढिलाई जाते. उरलेली ढिलाई पुढच्या अ‍ॅक्सलच्या मधल्या पिनची होती. तिथलं भोक रिमरने गोल करून बुश ठोकला.

गंज आणि रंग

लहान लोखंडी भागांसाठी विजेवरची आंघोळ मला सर्वांत आवडते. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, गॅलनला चमचाभर. जुन्या धाटणीच्या बारा व्होल्टच्या चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला, धन तार टाकाऊ लोखंडी सळीला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. रात्रभरात गंज काळ्या साईसारखा सुटतो. सळी स्टेनलेस स्टीलची घेऊ नका, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. अ‍ॅल्युमिनियमचा भाग टाकू नका, विरघळतो. आणि यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा दार थोडं उघडं, सिगारेट लांब, चिमटे काढायच्या आधी चार्जर बंद.

1978 च्या आधीच्या रंगात शिसं असू शकतं. कोरडं घासू नका. ओला पॉलिश पेपर, मास्क, आणि गॅरेजातले कपडे वेगळे धुवायचे. हे शेवटचं बायकोने सांगितलं आणि ती बरोबर होती.

रंग मी हिवाळ्यात मारत नाही. भिंतीवरचा हीटर हवा तापवतो, पण हूडचा पत्रा थंडच राहतो आणि रंग त्यावर ओघळतो. पत्र्याचे भाग साफ करून प्रायमर मारून ठेवले, आणि फेडरल यलो आणि पांढरा मारायला मे महिन्यापर्यंत थांबलो. इनॅमलमध्ये हार्डनर घातला तर चकाकी जास्त येते, पण त्यातल्या आयसोसायनेट या विषारी रसायनासाठी साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा देणारा लागतो. माझ्याकडे नाही. मी हार्डनरशिवाय मारला, वाळायला तीन आठवडे दिले. जवळून पाहिलं तर संत्र्याच्या सालीसारखं दिसतं. जवळून पाहायला येतंय कोण?

वीज, आणि पहिली किक

या ट्रॅक्टरचा स्टार्टर आणि जनरेटर एकाच डब्यात आहे. चावी फिरवली की तो पट्ट्याने इंजिन फिरवतो, इंजिन लागलं की इंजिन त्याला फिरवतं आणि तो बॅटरी भरतो. मला ही काटकसर फार आवडते. ब्रश नवे घातले, कॉम्युटेटर बारीक पॉलिश पेपरने साफ केला. एमरीचा नको, त्याचा चुरा वीज वाहून नेतो आणि तांब्याच्या पट्ट्यांमध्ये अडकतो.

सगळं जोडून झालं तरी बॅटरी चार्ज होईना. दोन संध्याकाळी मी मीटर लावून डोकं फोडत होतो. उत्तर मॅन्युअलच्या एका ओळीत होतं: जनरेटर परत जोडल्यावर इंजिन सुरू करण्याआधी त्याची ध्रुवता पक्की करावी लागते. रेग्युलेटरवरच्या बॅटरी आणि जनरेटरच्या टोकांना तारेचा तुकडा क्षणभर टेकवायचा. एक ठिणगी, झालं काम.

मार्चच्या शेवटच्या रविवारी ट्रॅक्टर अंगणात ढकलला. बाजूला बर्फ अजून होतं. सांगलीकडे रात्रीचे साडेनऊ वाजले होते, वडील जेवून बसले होते. चोक ओढला, चावी फिरवली, पट्टा गुरगुरला, तिसऱ्या फेऱ्याला इंजिन लागलं. पहिल्या तासात पूर्ण लोड द्यायचा नाही, वेग एकसारखा ठेवायचा नाही, मधूनमधून वाढवायचा आणि सोडायचा, म्हणजे रिंगा बसतात. पाच तास झाले की तेल बदलायचं. हे सगळं मी फोनकडे बघून मोठ्या आवाजात सांगत होतो, जणू त्यांना माहीत नाही.

त्यांनी डोळे मिटले. "रेस सोड. धर. परत सोड."

मग म्हणाले, "रॉड गेला. आवाज गेला म्हणतोय मी, रॉड नाही." आणि जरा थांबून, "मफलरपाशी फुसफुस येतेय. तो बोल्ट तोडला होतास ना, तिथलं पॅकिंग बघ."